'प्रेझेंटली' म्हणजे सध्या, थोड्या वेळाने की ताबडतोब?

कोरा कागद (धागाकर्ती)

इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या कथा-कादंबऱ्यांचं संपादन करताना एक क्रियाविशेषण मला सारखं थांबवतं. शब्द अगदी रोजचा आहे: प्रेझेंटली. पुस्तक एकोणिसाव्या शतकातलं असेल तर दर चार-दोन पानांनी भेटतो, आणि हात बसलेले अनुवादकसुद्धा त्याचं बेधडक 'सध्या' करून टाकतात. त्यात नवल नाही. अर्ज, प्रतिज्ञापत्र, बायोडेटा, सगळीकडे आपण 'प्रेझेंटली वर्किंग' आणि 'प्रेझेंटली रिसायडिंग' वाचतच मोठे झालो.

पण लुईस कॅरलची १८६५ ची 'अ‍ॅलिस' घ्या. ती बिळातून खाली खाली पडते आहे, मनाशी बडबडते आहे, मध्ये गप्प होते, आणि मग वाक्य येतं, 'प्रेझेंटली शी बिगॅन अगेन.' इथे 'सध्या ती पुन्हा बोलू लागली' असं केलं तर वाक्य वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. लेखकाला म्हणायचंय, थोड्या वेळानं तिनं पुन्हा सुरुवात केली.

मागे गेलं की हा शब्द आणखी वेगळा दिसतो. 'प्रेझेंट' हे विशेषण लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलं, अर्थ समोर हजर असलेला. त्याला 'ली' लागून झालेलं क्रियाविशेषण पंधराव्या शतकात दोन अर्थांनी चालू होतं. एक, 'या वेळी, आत्ता'. दुसरा, 'आत्ताच्या आत्ता, तत्क्षणी'. दुसऱ्याचा नमुना शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'च्या चौथ्या अंकात आहे. प्रॉस्पेरो एरियलला त्याच्या साथीदारांना घेऊन यायला सांगतो. एरियल एकाच शब्दात विचारतो, 'प्रेझेंटली?' उत्तर मिळतं, हो, डोळ्याचं पातं लवतंय तोवर. त्यावर एरियल म्हणतो की तुम्ही 'ये' आणि 'जा' म्हणायच्या आत सगळे इथे असतील. यात 'थोड्या वेळाने'ला जागाच नाही.

सोळाव्या शतकापासून हा ताण सैल पडत गेला. 'तत्क्षणी'चं 'लवकरच' झालं, आणि पुढे इंग्लंडच्या लेखनात तोच अर्थ मुख्य झाला. सतराव्या शतकानंतर 'सध्या' हा अर्थ तिथल्या पुस्तकी इंग्रजीतून मागे पडला, पण स्कॉटलंडमध्ये, बोलींमध्ये आणि अमेरिकेत टिकून राहिला. म्हणजे आपण भारतात वापरतो तो अर्थ कुणी अलीकडे चुकून तयार केलेला नाही, तो 'लवकरच'पेक्षा जुना आहे.

मला सगळ्यांत जास्त ओढ याची वाटते की हा शब्द एकटा नाही. 'सून' हा आज 'लवकर' सांगणारा शब्द जुन्या इंग्रजीत 'सोना' होता आणि त्याचा अर्थ 'ताबडतोब' होता. 'अनॉन' हा 'ऑन आन', म्हणजे 'एकात, सलग', यातून आलेला. तोही आधी 'तत्काळ'च. 'बाय अँड बाय'ची तीच गत. 'आत्ताच्या आत्ता' सांगायला ठेवलेला शब्द काही पिढ्यांत 'होईल हो' या अर्थावर येतो, मग त्या जागी नवा शब्द आणावा लागतो, आणि तोही त्याच वाटेनं जातो.

ज्यांनी हे शब्द जुन्या मजकुरात पाहिलेत, किंवा जे इंग्रजी बोलणाऱ्या देशांत राहतात, त्यांनी आवर्जून लिहा. अनुवादकांनी तर नक्कीच.

---

नगरकर

ताई, धागा मनापासून आवडला. आमच्या घरी मराठी पवित्र शास्त्राशेजारी इंग्रजी बायबलची १६११ ची किंग जेम्स आवृत्तीही वाचली जायची, त्यामुळे ही अडचण लहानपणापासून ओळखीची आहे.

मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात येशू फळ नसलेल्या अंजिराच्या झाडाला बोलतो. एकोणिसाव्या वचनात ते झाड 'प्रेझेंटली' वाळलं असं किंग जेम्समध्ये आहे. आजचा वाचक समजेल, काही वेळानं वाळलं. पण मूळ ग्रीक शब्द 'पाराख्रेमा' आहे, म्हणजे तिथल्या तिथे. आणि लगेच पुढच्या, विसाव्या वचनात शिष्य आश्चर्यानं म्हणतात, झाड किती 'सून' वाळलं! तिथेही मूळ शब्द 'पाराख्रेमा'च आहे. एकाच ग्रीक शब्दाला भाषांतरकारांनी लागोपाठच्या दोन वचनांत 'प्रेझेंटली' आणि 'सून' असे दोन शब्द दिले.

याच शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय बघा, पेरणाऱ्याचा दाखला. खडकाळ जमिनीवरचा माणूस वचन 'अनॉन' आनंदानं स्वीकारतो (वचन २०), आणि संकट आलं की 'बाय अँड बाय' अडखळतो (वचन २१). दोन्हीकडे ग्रीकमध्ये 'युथुस', तत्काळ. दाखल्याचा सगळा जोर या दोन 'तत्काळ'वर आहे. जितक्या झटकन स्वीकारलं तितक्याच झटकन सोडलं, कारण मूळ खोल गेलेलं नाही. आजच्या इंग्रजीच्या कानांनी वाचलं तर दुसरा माणूस हळूहळू ढासळल्यासारखा वाटतो आणि दाखल्याचा कणाच मोडतो.

पण मला सगळ्यांत जास्त बोचतं ते मार्क ६:२५. हेरोदियाची मुलगी राजापुढे येते आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकात मागते. किंग जेम्समध्ये ती म्हणते, ते मला 'बाय अँड बाय' दे. आजच्या अर्थानं वाचलं तर ती म्हणते, सवडीनं दिलंस तरी चालेल. प्रत्यक्षात ती म्हणते, या क्षणी, मेजवानी चालू असतानाच. राजाला विचार करायला वेळ मिळू नये हेच तिच्या मागणीतलं भयंकर आहे. १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या करारात तिथे 'फोर्थविथ' घातलं आणि अंजिराच्या झाडाला 'इमिजिएटली' दिलं. ते करणं भाग होतं.

---

लीड्सकर

वाचतोय, आणि नगरकरांच्या प्रतिसादानं थक्क झालो. मत्तय कितीदा वाचला असेल, पण ही जोडवचनं ध्यानात आली नव्हती.

इथल्या बोलण्यातलं सांगतो. उत्तर इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढली, पण तरुण मंडळींच्या तोंडी 'प्रेझेंटली' फारसा येत नाही. वयस्क माणसं वापरतात, आणि तेव्हा तो 'येतो जरा वेळात' असाच असतो. दवाखान्यातल्या स्वागतिकेनं 'डॉक्टर विल सी यू प्रेझेंटली' म्हटलं तर खुर्चीत बसून राहायचं. लेखी भाषेत मात्र 'सध्या' हा अर्थ इथेही परत आलाय, वर्तमानपत्रांतही दिसतो. जुन्या वळणाचे संपादक अजून तो खोडून 'करंटली' किंवा साधं 'नाऊ' करतात. मी स्वतः इंग्रजीत दोन्ही टाळतो आणि 'अ‍ॅट द मोमेंट' म्हणतो, कारण ज्याला लिहितोय तो कुठल्या पिढीचा, कुठल्या देशातला, हे पत्रातून कळत नाही.

'डायरेक्टली'ही या रांगेत बसवा. इथली म्हातारी माणसं 'आय विल कम डायरेक्टली' म्हणतात. शब्द सांगतो थेट, तडक. पण ऐकणारा समजतो, हातातलं काम आवरून येईल.

---

तिसरी घंटा

मी नाटकवाली, म्हणून माझं लक्ष या गोष्टीकडे की शब्द ढिला नेमका कुठे पडतो. शब्दकोशात तर नाहीच पडत. तो पडतो दाराच्या आत उभं राहून बाहेरच्याला उत्तर देताना.

शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात, दुसऱ्या अंकात, फ्रान्सिस नावाचा एक पोरगेला दारू वाढणारा आहे. राजपुत्र त्याला बोलण्यात गुंतवून ठेवतो आणि राजपुत्राचा मित्र दुसऱ्या खोलीतून सारखा हाका मारत राहतो. बिचारा फ्रान्सिस दर हाकेला ओरडतो, 'अनॉन, अनॉन, सर!' आणि जागचा हलत नाही. शब्दाचा अर्थ 'आलोच', कृती 'थांबलोय'. प्रेक्षकांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला, आपापल्या गुत्त्यात रोज अनुभवला. ऐकणाऱ्याच्या मनात शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही, प्रत्यक्ष किती वेळ लागला त्यावरून ठरतो.

दुसरा प्रसंग सगळ्यांच्या माहितीचा, 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधला सज्जा. दाई आतून हाक मारते, ज्युलिएट म्हणते, 'आय कम, अनॉन', आणि रोमिओशी बोलत राहते. पुन्हा हाक. आता म्हणते, 'बाय अँड बाय आय कम', आणि तरी तिथेच उभी. काही ओळींत तिनं दोन 'तत्काळ' वापरून टाकले. नटीला हे फार उपयोगी पडतं. दोन्ही वेळा स्वर घाईचा, शरीर मात्र न हलणारं. 'थांब जरा' या सुरात म्हटलं तर ओढाताणच दिसत नाही. या शब्दांचा त्या काळचा अर्थ ठाऊक असणं हे तालमीतलं काम आहे, अभ्यासकापुरतं मर्यादित नाही.

---

मोरपंखी

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडते. मी वकिली करते. आमच्याकडे रोज 'प्रेझेंटली रिसायडिंग अ‍ॅट' लिहिलं जातं. देशभरात असंख्य प्रतिज्ञापत्रांवर ते आहे. कुठल्याही न्यायाधीशाला त्याचा अर्थ 'लवकरच राहायला जाणार' असा वाटलेला मी पाहिला नाही. मग 'खरा' अर्थ ब्रिटनचा आणि आपला तो ढिसाळ, अशी जी भावना अशा चर्चांतून मागच्या दारानं आत येते, तिला माझा विरोध आहे. इंग्रजी आपल्याकडे इतकी वर्षं रुजली आहे. आपल्या वापरालाही वजन आहे. संपादकाच्या लाल पेनाची भीती बाळगून आपण आपला शब्द का सोडायचा?

---

कोरा कागद

मोरपंखी, विरोध योग्य ठिकाणी आहे, आणि मूळ लेखातही मी तेच म्हटलंय की आपला अर्थ जुना आणि अस्सल आहे. प्रतिज्ञापत्रातला 'प्रेझेंटली' कुणी बदलावा असं मला मुळीच वाटत नाही. माझी तक्रार उलट दिशेची आहे. आपला अर्थ आपल्या कागदांवर शंभर टक्के बरोबर, पण तो दुसऱ्याच्या मजकुरावर लादला की लेखकावर अन्याय होतो. कॅरलनं लिहिलं तेव्हा त्याच्या वाचकाला जो अर्थ कळत होता, तो मराठी वाचकाला देणं एवढंच अनुवादकाचं काम आहे. तिथे भारत विरुद्ध ब्रिटन असा प्रश्न येत नाही. १८६५ सालच्या वाक्यातून काय पोचवायचं, इतकाच येतो.

---

शांतिपर्व

आपल्या भाषेतही हेच घडलेलं आहे, त्याची आठवण करून देतो.

संस्कृतातला 'सद्यः' घ्या. मूळ अर्थ 'त्याच दिवशी', त्यावरून 'तत्काळ'. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'तली काव्यप्रयोजनांची कारिका अनेकांना पाठ असेल, त्यात 'सद्यः परनिर्वृतये' आहे: काव्य वाचताक्षणी मिळणारा परम आनंद. तिथे 'सद्यः'चा अर्थ 'हल्ली' घेतला तर मम्मट म्हणतो आहे की काव्यानं हल्ली आनंद मिळतो! आणि मराठीत आपण 'सद्यःस्थिती' म्हणतो, तेव्हा अर्थ 'सध्याची स्थिती'. एकाच शब्दात 'तत्क्षणी' आणि 'आजकाल' असे दोन्ही अर्थ, अगदी 'प्रेझेंटली'सारखे.

दुसरा शब्द 'तूर्त'. हा 'त्वर्' धातूच्या घरातला, घाईचा शब्द. हिंदीतला 'तुरंत' त्याच घरातला आणि त्यानं घाई सोडलेली नाही. पण मराठीत 'तूर्तास' म्हणजे 'आत्तापुरतं, सध्यापुरतं'. 'तूर्तास एवढं पुरे' या वाक्यात घाईचा मागमूसही नाही. हिंदीभाषक सहकाऱ्याला 'तूर्तास काम थांबवलंय' सांगितलं तर 'तुरंत'च्या ओढीनं त्याचा घोटाळा होऊ शकतो.

फरक दिशेचा आहे. इंग्रजी शब्द 'तत्काळ'कडून भविष्यात सरकला. आपले हे दोन शब्द 'तत्काळ'कडून वर्तमानात येऊन पसरले. निसटणं मात्र दोन्हीकडे आहे, कारण 'आत्ता' या बिंदूला लांबी नसते आणि बोलणाऱ्याला ती लागते.

अवांतर: 'एवढ्यात' या शब्दाकडेही बघा. 'एवढ्यात येईल' भविष्यकाळ. 'एवढ्यात भेटला नाही' भूतकाळ. 'एवढ्यात लग्न नको' यात नकार, आणि मुदत बोलणाऱ्याच्या मनात. परक्या माणसाला हा शब्द शिकवताना 'प्रेझेंटली' शिकवण्याइतकाच घाम फुटतो.

---

बे एरियाचा पाहुणा

अमेरिकेतून लिहितो. इथे 'प्रेझेंटली' म्हणजे बहुतेकांना 'सध्या'च, त्यामुळे भारतातून येणाऱ्या माणसाला काही खटकत नाही. तरीही इथल्या काही शैलीपुस्तिका तो 'सध्या'साठी वापरू नका असं सांगत आल्या आहेत.

पण 'अमेरिकेत सध्या, इंग्लंडात लवकरच' अशी सरळ रेघ ओढू नका. मार्क ट्वेनपेक्षा अमेरिकन लेखक कोण? त्याच्या १८७६ च्या 'टॉम सॉयर'मध्ये कुंपण रंगवण्याच्या प्रसंगात टॉम ब्रश उचलतो, शांतपणे कामाला लागतो, आणि वाक्य येतं, 'बेन रॉजर्स होव्ह इन साइट प्रेझेंटली.' म्हणजे जरा वेळानं बेन येताना दिसला. गोष्ट सांगण्याच्या भाषेत तिथेही तो शब्द 'थोड्या वेळाने'च होता.

याचा सख्खा भाऊ आहे 'मोमेंटरिली'. इथे विमानात घोषणा होते, आपण 'मोमेंटरिली' उतरणार आहोत, म्हणजे काही क्षणांत. ब्रिटिश कान हेच ऐकतो, क्षणभरासाठी उतरणार आहोत, मग पुन्हा उडणार!

---

शांतिपर्व

पाहुणे, तुमच्या उदाहरणात एक व्याकरणाची गोष्ट दडलीय. मराठीत 'क्षणभर थांबला' आणि 'क्षणात आला' यांची गल्लत होऊच शकत नाही. एकाला 'भर', दुसऱ्याला 'त'. 'थोडा वेळ', 'थोड्या वेळात', 'थोड्या वेळाने' ही तीन रूपं तीन वेगळी कामं करतात: किती काळ, कितीच्या आत, किती उलटल्यावर. इंग्रजी 'ली' प्रत्यय यातलं काहीच सांगत नाही. तो फक्त म्हणतो, या क्षणाशी काहीतरी संबंध आहे. संबंध कोणता, हे वाक्यानं आणि रूढीनं ठरवायचं. म्हणून हे शब्द इतके सहज घसरतात असं मला वाटतं.

---

हायवेल्ड

जोहान्सबर्गहून. इथल्या इंग्रजीत 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता नाही, नंतर केव्हातरी. 'नाऊ नाऊ' म्हणजे त्याहून लवकर, पण तरीही थोड्या वेळानं. नव्यानं आलेला मराठी माणूस 'आय विल कॉल यू जस्ट नाऊ' ऐकून फोन हातात धरून बसतो. फ्रान्सिसचा 'अनॉन, अनॉन' वाचताना मला हेच आठवलं: शब्द दोनदा म्हटला तरी जोर येतोच असं नाही.

---

वर्गशिक्षक

मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो. मुलांना एक सोपी कसोटी देतो. क्रियापद वर्तमानकाळी असेल तर 'सध्या': 'शी इज प्रेझेंटली इन पुणे'. भविष्यकाळी असेल तर 'लवकरच': 'शी विल अराइव्ह प्रेझेंटली'. भूतकाळी गोष्ट चालू असेल तर 'थोड्या वेळानं': 'प्रेझेंटली द डोअर ओपन्ड'. शब्दाची जागाही मदत करते. वाक्याच्या सुरुवातीला स्वल्पविरामाशिवाय आला आणि पुढे घटना घडली, तर तो गोष्टीतला 'मग' आहे. एवढ्यावर मुलं बहुतेक उतारे सोडवतात.

---

नगरकर

सर, कसोटी चांगली आहे आणि मीही वापरेन. पण ती अलीकडच्या दीड-दोनशे वर्षांच्या मजकुरापुरतीच ठेवा. मत्तय २६:५३ मध्ये येशू म्हणतो की मी पित्याजवळ मागितलं तर तो मला 'प्रेझेंटली' देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक देईल. क्रियापद भविष्यकाळी आहे, कसोटीप्रमाणे 'लवकरच' येईल. आणि तिथेच अर्थ उलटतो. पकडायला आलेले लोक समोर उभे आहेत, एकानं तलवार उपसली आहे. 'लवकरच' येणारं सैन्य त्या क्षणी काय कामाचं? ते याच क्षणी येऊ शकतं, आणि तरी तो मागत नाही, यात त्या वाक्याचा अर्थ आहे. क्रियापदाचा काळ 'सध्या' की 'सध्या नाही' एवढं सांगतो. 'तत्काळ' की 'लवकरच', हे मजकुराच्या वयावरूनच ठरवावं लागतं.

---

वर्गशिक्षक

पटलं. मग कसोटीला आधी एक प्रश्न जोडतो: मजकूर कधीचा? शालेय पुस्तकांत शेक्सपिअरचे उतारे येतात तेव्हा हे सांगणं गरजेचं आहे, आणि मुलांना ते आवडतंही. शब्द चारशे वर्षांत कुठून कुठे आला हे कळलं की पाठांतर कमी होतं.

---

जुनेदप्तर

या धाग्याचा आमच्या कामाशी थेट संबंध आहे म्हणून लिहितो. शिवकालाचा अभ्यास करताना सुरत, राजापूर, मुंबई इथल्या इंग्रज वखारींचा पत्रव्यवहार वाचावाच लागतो. ती भाषा किंग जेम्स आवृत्तीच्या पुढच्या दोन-तीन पिढ्यांची आहे, १६७४ च्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला त्या काळची. म्हणजे 'प्रेझेंटली'चे तिन्ही अर्थ एकाच वेळी चालू असलेला काळ. आपल्याकडचा अभ्यासक आजच्या सवयीनं तो 'सध्या' वाचतो.

नुकसान कुठे होतं ते सांगतो. पत्रात माणूस पाठवण्याचा, पैसे देण्याचा किंवा माल हलवण्याचा आदेश असेल आणि सोबत हा शब्द असेल, तर 'सध्या पाठवा' आणि 'तत्काळ पाठवा' यांत निकडीचा फरक पडतो. वखारवाले घाबरलेले होते की सवडीनं चालले होते, हा निष्कर्ष कधी कधी त्या एका क्रियाविशेषणावर उभा असतो. घटनांचा क्रम लावतानाही तेच. निघायला मुहूर्तभर लागला की आठवडा, हे शब्दातून कळल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्षात कळलेलं नसतं.

माझी पद्धत अशी. त्याच लेखकाची चार-सहा पत्रं काढायची, तो हा शब्द आणखी कुठे वापरतो ते बघायचं, आणि पुढच्या पत्राच्या तारखेवरून कृती किती दिवसांत झाली हे ताडून पाहायचं. मग शब्दाला अर्थ द्यायचा. तारखा उपलब्ध नसतील तर भाषांतरात मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवून तळटीप द्यायची. आपल्या मनानं 'ताबडतोब' घालून इतिहासाला घाई लावणं हे 'सध्या' घालण्याइतकंच चुकीचं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश वापरणाऱ्यांनाही एक विनंती. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. एखाद्या मराठी शब्दाच्या इंग्रजी अर्थात 'प्रेझेंटली' दिसलं, तर तो त्या काळच्या ब्रिटिश माणसाचा 'प्रेझेंटली' आहे हे आधी ध्यानात घ्या. नाहीतर मराठी शब्दाचाच जुना अर्थ आपण उलटा लावून बसू.

---

मोरपंखी

जुनेदप्तर यांचा प्रतिसाद वाचून मला आमच्याच क्षेत्रातलं जाणवलं. जुन्या दस्तांत हा शब्द आला तर आम्हीही दस्ताच्या तारखेपासूनच सुरुवात करायला हवी. आजच्या प्रतिज्ञापत्रातल्या वापराबद्दलचं माझं मत कायम आहे, पण ब्रिटिश अमलातल्या कागदाला आजचा अर्थ चिकटवणार नाही.

---

तिसरी घंटा

ट्वेनच्या त्या वाक्याकडे परत येऊ या का? अनुवाद कसा करायचा? मी म्हणेन, 'तेवढ्यात बेन रॉजर्स येताना दिसला.' प्रसंगात नाट्य आहे, ज्याच्या चेष्टेची टॉमला सगळ्यांत धास्ती, नेमका तोच येतोय. 'थोड्या वेळानं' म्हटलं की पडदा पडल्यासारखं होतं.

---

कोरा कागद

मला तिथे 'तेवढ्यात' नको वाटतं. 'तेवढ्यात' म्हणजे एक गोष्ट पुरी व्हायच्या आत दुसरी आडवी आली. टॉमनं ब्रश हातात घेतलाय आणि तो शांतपणे काम करतोय. ट्वेननं त्या शांतपणाला मुद्दाम काही क्षण दिलेत. बेन येईपर्यंत टॉमची युक्ती पक्की झालेली हवी, तो रंगात गढून गेल्यासारखा दिसायला हवा. म्हणून 'जरा वेळानं बेन रॉजर्स येताना दिसला'. नाट्य पुढच्या अर्ध्या वाक्यात आहे, आणि ते तिथेच उलगडू द्यावं.

अ‍ॅलिसच्या वाक्यात मात्र मी 'थोड्या वेळानं'सुद्धा काढून 'मग ती पुन्हा सुरू झाली' असं करायच्या विचारात आहे. ती अजून पडतेच आहे, आणि किती वेळ गेला हे तिलाही सांगता येत नाही. 'मग' वेळ मोजत नाही. एकाच शब्दाला दोन पुस्तकांत दोन वेगळे शब्द द्यावे लागले तर द्यावेत.

---

तिसरी घंटा

'जरा वेळानं' मान्य. मोठ्यानं म्हणून पाहिलं, 'जरा'वर थांबता येतं आणि बेनचं नाव घ्यायला जागा मिळते.

---

लीड्सकर

'मग'बद्दल एक शंका. पुढे पानभर 'मग' आधीच खूप असतील तर? कॅरलच्या वाक्यांत 'सो' आणि 'देन' पुष्कळ आहेत, त्यांनाही आपण 'मग'च देणार.

---

कोरा कागद

बरोबर, आणि त्याच कारणानं अजून ठरवलेलं नाही. त्या परिच्छेदातले सगळे 'मग' एका बाजूला काढून बघते. जास्त झाले तर 'जरा थांबून ती पुन्हा बोलू लागली' करेन. त्यात वेळही येते आणि गप्प होणंही.